मोडीत आलेलं नाव

धुरपताबाईंचा फोन आला तेव्हा सकाळचे नऊ वाजून गेले होते, आणि मी त्यांना विहिरीत लोटून चौदा महिने झाले होते. कागदावर. सेलूच्या आमच्या भांड्यांच्या दुकानाचं शटर नुकतंच वर केलं होतं, हातात फडकं होतं, आणि अनोळखी नंबर पाहून वाटलं, कुणाकडे तरी लग्न निघालं असेल, आंदणाच्या भांड्यांची चौकशी असेल. "अनुपभाऊ बोलून राह्यले काय?" बाईचा आवाज, जुना, जरा खरखरीत. हो म्हटलं. "मी रोहण्याहून बोलून राह्यली. धुरपता." बाई पुढे बोलतच राहिल्या. "तुमचा नंबर तुमच्या गोष्टीखालीच छापला आहे म्हणे. सुनेकडून लावून घेतला. मी येतो आज तुमच्या दुकानात. दहाची गाडी सापडली तं आर्वी, वर्धा करत दीड वाजतपर्यंत येऊन जाईन. तुम्ही कुठं जाऊ नका." फोन बंद झाला. फडकं हातातच राहिलं. मी गादीवर न बसता पायरीवरच बसलो, गिऱ्हाईक बसतं तिथे.

हे कसं झालं ते सांगतो, नाहीतर मी खुनी आहे की वेडा हेच कळायचं नाही. आमच्याकडे मोड घेतात. म्हणजे लोक जुनं पितळ-तांबं आणून देतात, त्याच्या वजनावर नवीन स्टील घेऊन जातात. जुन्या भांड्यांवर नावं असतातच. कुणी कुणाला, कशाच्या निमित्ताने, कोणत्या तारखेला दिलं, सगळं ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं. माझे वडील, अण्णाजी, स्वतः नाव टाकायचे. मशीन नव्हती तेव्हा बारीक छिन्नी आणि हातोडीने टाकायचे, जीभ दाताखाली धरून. त्यांचा एक रिवाज होता. मोडीचं भांडं ठोकून चपटं करायच्या आधी त्यावरचं नाव एकदा मोठ्याने वाचायचं. दुकानात गर्दी असली तरी वाचायचं. "आता हे भट्टीत जाईल," ते म्हणायचे, "पुन्हा कोण वाचणार आहे?" लहानपणी मला त्याची लाज वाटायची. आणि आणखी एक गोष्ट ते छातीवर हात ठेवून सांगायचे: पितळेचं भांडं बाईच्या जिवंतपणी घराबाहेर पडत नाही. तेरावी झाली की सुना माळ्यावरची भांडी खाली काढतात. चाळीस वर्षं धंदा केलेल्या माणसाचं सांगणं होतं, मी ते कधी तपासलं नाही. अण्णाजी गेले त्याला नऊ वर्षं झाली. नाव वाचायचा रिवाज मी चालू ठेवला आणि त्यावर माझी कारागिरी सुरू केली.

त्याआधी दहा वर्षं मी लिहीत होतो आणि काहीच लिहीत नव्हतो. सेलूत बसून महानगरातल्या एकाकी माणसावर लिहायचो. मी महानगरात एकूण अकरा दिवस राहिलेला माणूस, तेही साडूकडे, आणि तिथे एक मिनिट एकाकी राहू दिलं नाही मला कुणी. कथा परत यायच्या. बरोबरच होतं ते. मग एक दिवस मोडीत एक पितळी झारा आला, त्याच्या दांड्यावर कोरलं होतं, 'बहिणीस, रागावू नको'. बस, एवढंच. मी तो झारा चपटा केला नाही, पुढ्यात घेऊन बसलो, आणि संध्याकाळपर्यंत सोळा पानं झाली. हात दुखला तेव्हा कळलं की आपण लिहितो आहोत. त्यानंतर मला दुसरीकडे बघावंच लागलं नाही. सांडशी, कढई, चहा उकळायचा गंज, बुडाला भोक पडलेला तांब्या. गुंजन, माझी बायको, म्हणायची, "तुम्हाला माणसांपेक्षा भांडी जास्त समजतात." मला ती स्तुती वाटायची. तिने ती स्तुती म्हणून केली होती की नाही हे आजपर्यंत मी तिला विचारलं नाही.

तर गुंड. पाणी भरायचा पितळेचा गुंड, चांगला जाड, मोठ्या पोटाचा, गेल्या वर्षी श्रावणात आला. मी नागपूरला गेलो होतो. आमच्या नोकराने घेऊन ठेवला होता, कोण देऊन गेलं ते त्याला आठवत नव्हतं, कुकर घेऊन गेली कुणी बाई, एवढंच. गळ्याखाली कोरलेलं होतं: 'व चि. सौ. कां. धुरपता, रोहणा, यांचे शुभविवाहप्रीत्यर्थ आर्वीचे मामांकडून सप्रेम भेट, ता. ६-५-७६.' 'व' च्या आधी नवऱ्याचं नाव असायला हवं. तिथे ओरखडे होते. नाव खोडलेलं होतं, एकही ठिपका वाचता येऊ नये असं खोडलेलं. सप्रेम भेट शिल्लक, मामा शिल्लक, तारीख शिल्लक, नवरा तेवढा गेलेला. अंगावर काटा आला माझ्या. खोटं कशाला सांगू, आनंदाने आला. बाई गेलेली आहे हे मी धरूनच चाललो होतो, पितळ मोडीत आलं म्हणजे गेलीच. मी तो गुंड बारा दिवस टेबलावर ठेवला. माझी धुरपता तयार झाली. तिचा नवरा पुलगावला कामाला, तिथे चाळीत त्याची खोली, खोलीत दुसरी बाई, निळ्या काचेच्या बांगड्या भरणारी. धुरपताला हे कळतं, ती काही बोलत नाही, एका दुपारी खिळा घेते आणि गुंडावरचं त्याचं नाव खरवडून काढते, आणि मग तोच गुंड घेऊन विहिरीवर जाते आणि परत येत नाही. शेवटचं वाक्य लिहून मी रडलो होतो. स्वतःच्या वाक्यावर रडणारा माणूस किती चांगला असू शकतो, हे आता पायरीवर बसल्यावर मला दिसायला लागलं.

नाव तेवढं बदलायला हवं होतं. गुंजनने तेव्हाच म्हटलं होतं, हस्तलिखित वाचून, पोळ्या लाटता लाटता: "नाव तरी बदला. गाव तरी बदला." मी प्रयत्न केला. शेवंता केलं, गाव दुसरं घातलं, आणि गोष्ट माझ्या हातात मेली. शेवंता विहिरीवर जाईना. ती खिळा हातात घेऊन नुसती उभी राहायची. धुरपता, रोहणा, आर्वीचे मामा, सहा मे शहात्तर, या सगळ्यांत असं काही होतं की त्यांना हात लावला की सगळं खोटं व्हायचं. म्हणून ठेवलं. मेलेल्या बाईला काय फरक पडतो, असं मी गुंजनला म्हणालो होतो. ती लाटणं थांबवून माझ्याकडे बघत राहिली होती. गेल्या वर्षीच्या दिवाळी अंकात गोष्ट आली, पंधरा-वीस फोन आले, एका प्रकाशकाने पुस्तक करू म्हटलं, आणि पुस्तकाला नाव याच गोष्टीचं द्यायचं ठरलं. पहिलं पुस्तक, सत्तेचाळिसाव्या वर्षी. त्याची मुद्रितं गेल्या आठवड्यापासून दुकानातच होती, परातींच्या चळतीवर.

साडेदहाला गुंजनला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "जिवंत आहेत म्हणजे चांगलंच आहे ना." मी म्हटलं, अगं, ती बाई इथे येते आहे. "मग येऊ द्या. बसायला खुर्ची द्या त्यांना, पायरीवर नका बसवू." हिच्या डोक्यात खुर्ची. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं सांगू? मुलगा काठी घेऊन येईल. वकील येईल. प्रकाशक म्हणेल, तूर्त थांबू. हे सगळं खरं होतं आणि तरी भीती त्याची नव्हती. भीती एकाच गोष्टीची होती, की बाई समोर बसेल आणि म्हणेल, हो, असंच झालं होतं. किंवा म्हणेल, असं झालं नव्हतं. दोन्हीपैकी काहीही मला ऐकायचं नव्हतं. अकरापासून दीडपर्यंत मी कोण आलं, कोण गेलं, काय विकलं, काही सांगू शकत नाही. कापसाच्या गाड्या रस्त्यावरून जात होत्या, एक बाई डबे ठोकून बघत होती, आणि प्रत्येक आवाजाला मला विहिरीच्या कठड्यावर ठेवलेला गुंड दिसत होता, जो मी स्वतःच तिथे ठेवला होता.

बाई एकट्याच आल्या. ठेंगण्या, नऊवारी, हातात कापडी पिशवी, पायांत रबरी चपला, आणि कपाळावर ठसठशीत कुंकू. नवरासुद्धा जिवंत होता. मी खुर्ची दिली. त्यांनी पाणी घेतलं, पदराने तोंड पुसलं, दुकानभर नजर फिरवली आणि पहिलाच प्रश्न विचारला: "माहा गुंड कुठं आहे?" मी म्हणालो, मावशी, तो भट्टीत गेला, गेल्या दिवाळीतच. "गेला," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने: "मी पोरीच्या बाळंतपणाले गेलती. आमच्या सुनेनं कुकर आनला त्याच्यावर. तिचं बी काय चुकलं, कोन पानी भरते आता गुंडानं. पन तो असता तं काम झालं असतं." कसलं काम, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनीच पिशवीतून अंक काढला. ग्रामपंचायतीच्या वाचनालयाचा शिक्का होता त्यावर, आणि माझ्या गोष्टीच्या पानाला दुमड.

"मले वाचता येत नाई," त्या म्हणाल्या. "सून वाचाले बसली, अर्ध्यात लाजली, म्हने आत्याबाई, पुढचं नाई वाचत. तुम्ही लिहिलं ना? मंग तुम्ही वाचा." मी म्हटलं, मावशी, राहू द्या, माझं चुकलं, मी नाव काढून टाकतो, पुस्तकात येणार नाही. "नाव मंग काढा. पह्यले वाचा. काय लिहिलं ते मले मालूम तं पायजे." त्या खुर्चीत मांडी घालून बसल्या. मी वाचलं. लोकांपुढे मी ही गोष्ट दोनदा वाचली आहे, एकदा वर्ध्याला, टाळ्या पडल्या होत्या. आज गाळावं असं पानोपानी वाटलं आणि गाळता आलं नाही, कारण बाई माझ्या ओठांकडे पाहत होत्या आणि थांबलो की म्हणत होत्या, "हं, मंग?" पुलगावची खोली आली, निळ्या बांगड्या आल्या. इथे त्या हसल्या. खरंच हसल्या, तोंडाला पदर लावून. "आमच्या घरचे? बाई ठेवली? त्यायले बाजारात बांगडीवालीसंगं भाव कराची लाज वाटे, मी पाठीमागं उभी राहून सांगो. बरं, गोष्टीत असते तसं. वाचा." दोन वर्षं ते पुलगावला कामाला होते, हे त्यांनी असंच, हसता हसता सांगितलं. त्या काळात त्या भागातले कितीतरी जण पुलगावला कामाला जायचे, म्हणून तर मी ते गाव घेतलं होतं.

खिळ्याच्या जागी मी पोहोचलो तेव्हा त्यांचं हसू गेलं. त्यांनी हात वर केला. "थांबा. खिळ्यानं नाई खोडलं. दाभनानं खोडलं. दोन दिवस लागले." माझ्या तोंडून निघालं, म्हणजे तुम्हीच? "मीच. नवी होती मी, चार महिने झाले होते. गुंड रोज राखेनं घासा लागे, चिंच आन् राख. तं रोज ते नाव माह्या हाताखाली ये. राख लागे त्याले. जित्या मानसाच्या नावाले रोज सकाळी राख लावाची? माह्यं मनच होईना. सासूले सांगाची सोय नाई, ते म्हनली असती, मोठी आली. मंग म्या दुपारी सारे झोपले का दाभन घेऊन बसो. हळूहळू. एक एक टिपका." त्यांनी माझ्या टेबलावर बोट टेकवून दाखवलं, कसं एकाच बाजूने, वरून खाली. आणि मला ते ओरखडे दिसले, माझ्या टेबलावर बारा दिवस होते ते. सरळ होते. एकाच दिशेचे, सारख्या अंतराचे. रागाने खरवडणारा हात आडवातिडवा जातो, पत्र्याला पोचे पाडतो. मी भांड्यांच्या दुकानात जन्मलेला माणूस, हे मला कळत नाही असं नाही. मला तेव्हाच दिसलं होतं. दिसलं होतं आणि मी तिकडे पाहिलं नाही, कारण मला राग हवा होता. नाव, गाव, तारीख यांना धक्का लावला तर खोटं होईल म्हणणारा मी, जे खरं समोर होतं तेच तेवढं बदलून बसलो होतो.

"आता आयका," धुरपताबाई म्हणाल्या, "मी काऊन आली ते." त्यांचे घरचे, म्हणजे नवरा, नानाजी, वाचणारे. वाचनालयात वर्षभराने आलेला अंक त्यांनीच पहिल्यांदा वाचला. त्या दिवशी घरी आले ते गप्प. जेवले नाहीत. रात्री एकच विचारलं, गुंडावरचं माह्यं नाव घासून घासून गेलं होतं का तू खोडलं होतं? "मी म्हटलं, मी खोडलं. खोटं काऊन बोलू? राखेपायी खोडलं म्हटलं. तं माह्याकडे असे पाह्यले..." बाई थांबल्या. डोळ्यांना पदर लावला, पुन्हा काढला. "आठ दिवस झाले. बोलत नाई. ताटावर बसते, दोन घास खाते, उठून जाते. एकोनपन्नास वर्षांत असं नाई झालं. मी सांगतो तं म्हनते, छापून आलं आहे. म्हंजे माह्यं आयकत नाई, तुमचं आयकते. गुंड असता तं नेऊन दाखवला असता, पाहा म्हटलं असतं, हे काय रागाचं हाये? आता तुम्हीच सांगा त्यायले. तुम्ही लिहिलं, तुम्हीच खोटं म्हना." पिशवीतून बटनांचा मोबाईल काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. "एक नंबर दाबून धरा. लागते."

मी दाबून धरलं. काय बोलायचं ते जुळवत होतो: मी कल्पनेने लिहितो, तुमची बायको देवमाणूस आहे, मी मूर्ख आहे. तिकडे तिसऱ्या घंटेला फोन उचलला. मी नाव सांगितलं. आणि लगेच घाईघाईने सुरू केलं, काकाजी, ते सगळं मी मनाने रचलेलं आहे, त्यात खरं काही नाही, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. "मनानं?" म्हातारा माणूस म्हणाला. आवाज अगदी खाली होता. "पुलगावची खोली बी मनानं?" हो म्हटलं. "बांगड्या बी?" हो म्हटलं. आणि मग त्यांनी विचारलं, इतक्या हळू की मला मोबाईल कानात खुपसावा लागला: "तुम्हाले कोनं सांगतलं, भाऊ? ते बाई तं शहात्तरच्या दिवाळीलेच मेली. कोनालेच मालूम नव्हतं. धुरपताले तवापासून मालूम होतं काय? म्हनून खोडलं काय तिनं?"

समोर धुरपताबाई खुर्चीच्या कडेला आल्या होत्या. दोन हात गुडघ्यांवर, डोळे माझ्या तोंडावर. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कुणास ठाऊक, मी तो भांड्यांकडे वळवला. परातींच्या चळतीवर मुद्रितं पडली होती. आठ दिवस दोन माणसं एका घरात, एका चुलीवरचं समोरासमोर बसून न जेवणारी. हिला वाटतं तो रागावला, त्याला वाटतं हिला एकोणपन्नास वर्षं माहीत होतं आणि ही बोलली नाही. आणि मधे मी, टाळ्या घेऊन आलेला. तिला काही माहीत नाही, हे एवढंच त्याला सांगायचं होतं. पण ते वाक्य तिच्यासमोर उच्चारलं तर ती विचारेल, काय माहीत नाही? आयुष्यात पहिल्यांदा एक वाक्य लिहायला मला घाम फुटला. मी म्हणालो, "काकाजी, नाव त्यांनी राखेसाठी खोडलं. तुमच्या नावाला राख लागू नये म्हणून. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. दुसरं काहीच नव्हतं, आजही नाही." मी 'आजही' वर जोर दिला. तो तिकडे पोहोचतो की नाही, ते कळेना. मग असा आवाज आला की मला वाटलं खोकला, पण तो खोकला नव्हता. तो बराच वेळ चालला. मी मोबाईल कानाला घट्ट दाबून धरला, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. शेवटी म्हातारा म्हणाला, "तिले नका सांगू." आणि फोन ठेवला.

"काय म्हनते?" धुरपताबाईंनी विचारलं.

बंद मोबाईल माझ्या कानाला तसाच होता. मी तो सावकाश खाली घेतला, त्यांच्या हातात दिला आणि म्हणालो, "लवकर ये म्हणतात. जेवायला थांबलो म्हणतात."

त्यांचा हात पदराकडे गेला, डोक्यावरून तो नीट सारखा केला, आणि क्षणभर त्या गावात नव्याने आलेल्या बाईसारख्या खाली पाहत बसल्या. मग मान वर केली. "असं तं त्यायनं कधीच नाई म्हटलं," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. मी कसं रचतो, हे त्यांनी आता माझ्याच तोंडून ऐकलेलं होतं. मी नजर हलवली नाही. त्यांनी अंक पिशवीत टाकला, चपला पायांत सरकवल्या, खुर्चीला हात देऊन उठल्या.

"बरं," त्या म्हणाल्या. "साडेतीनची गाडी सापडन काय?"